एआरटी (एचआयव्हीवरील औषधोपचार) घेणाऱ्यांसाठी मोबाईल सेवा : कशाचा उपयोग होतो, कशाचा होत नाही?

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

सर्वांना नमस्कार. आमच्या जिल्ह्यातील एका स्वयंसेवी संस्थेला एचआयव्हीसह जगणाऱ्या लोकांसाठी मोबाईलवरून काही सेवा सुरू करायची असून एका देणगीदाराने वर्षभराचा खर्च देऊ केला आहे. रोज ठरलेल्या वेळी गोळीची आठवण करून देणारा रेकॉर्ड केलेला कॉल लावावा, असा प्रस्ताव बैठकीत आला आणि तो जवळजवळ मंजूरही झाला. सल्लागार मंडळावर असल्यामुळे माझे मत विचारले गेले आहे. हा प्रस्ताव मला पटलेला नाही. परंतु केवळ ‘पटत नाही’ म्हणून भागणार नाही, म्हणून उपलब्ध पुरावा येथे मांडते आणि या क्षेत्रात काम करणाऱ्यांचे अनुभव मागते.

या विषयात ज्याचा दाखला नेहमी दिला जातो तो अभ्यास केनियातला आहे. नैरोबी आणि काजियाडो येथील तीन दवाखान्यांत २००७ ते २००९ या काळात तो झाला आणि ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१० साली प्रसिद्ध झाला. एआरटी सुरू करणाऱ्या ५३८ जणांपैकी २७३ जणांना दवाखान्यातून आठवड्यातून एकदा ‘मांबो?’, म्हणजे ‘कसे आहात?’, एवढाच स्वाहिली संदेश जात असे. त्यात ना आजाराचे नाव होते, ना गोळीचा उल्लेख. ‘ठीक आहे’ किंवा ‘अडचण आहे’ असे उत्तर ४८ तासांत कळवायचे होते. ज्यांनी अडचण कळवली किंवा ज्यांच्याकडून उत्तरच आले नाही, त्यांना परिचारिका स्वतः फोन करत असे. वर्षाअखेर नियमित औषध घेणाऱ्यांचे प्रमाण संदेश मिळणाऱ्या गटात ६२ टक्के, तर दुसऱ्या गटात ५० टक्के होते. रक्तातील विषाणू दबलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ५७ आणि ४८ टक्के निघाले. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मोबाईल संदेशांना स्थान दिले. मात्र ते औषध नियमित राहावे म्हणून करायच्या इतर उपायांच्या जोडीने, एकट्याने नव्हे.

आता आपल्या देशातला अभ्यास पाहा. दक्षिण भारतातील तीन केंद्रांत पहिल्यांदाच औषध सुरू करणाऱ्या ६३१ जणांवर तो झाला आणि ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात आठवड्यातून एकदा संगणकाकडून लावलेला आवाजी कॉल आणि सोबत एक चित्रसंदेश अशी योजना होती. ९६ आठवड्यांनंतर दोन्ही गटांत औषध निष्प्रभ ठरण्याचे प्रमाण जवळजवळ सारखेच आढळले, म्हणजे कॉलचा फरक दिसला नाही.

एका ठिकाणी परिचारिका उत्तराची वाट पाहत होती आणि दुसऱ्या ठिकाणी आठवण करून देण्याचे काम यंत्राकडे होते, हे मला दोन्हींमधले खरे अंतर वाटते. हे अनुमान किती टिकते ते कृपया तपासून सांगावे.

अंकगणित

अनुमान आकर्षक आहे. पण केवळ या दोन अभ्यासांवर ते उभे करू नये. पहिली गोष्ट अशी की, केनियातील अभ्यासात औषध नियमित घेतले की नाही हे रुग्णाच्याच सांगण्यावर ठरवले होते. विषाणूची तपासणी मात्र प्रयोगशाळेतली होती, म्हणून मी ६२-५० पेक्षा ५७-४८ या आकड्यांवर अधिक भर देईन. दुसरी गोष्ट, पश्चिम केनियातील चुलाइम्बो येथे ४३१ जणांवर झालेला आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास तुमच्या मताच्या काहीसा विरुद्ध जातो. तेथे कोणी परत फोन करत नव्हते, संदेश एकतर्फी होते. तरीही आठवड्यातून एकदा संदेश मिळणाऱ्यांपैकी ५३ टक्के लोकांनी किमान ९० टक्के मात्रा घेतल्या आणि संदेश न मिळणाऱ्यांत हे प्रमाण ४० टक्के राहिले. मोजमाप झाकण उघडल्याची नोंद ठेवणाऱ्या बाटलीवरून झाले होते. म्हणजे यंत्राची आठवण सर्वस्वी निरुपयोगी असते, असे म्हणता येणार नाही.

तुमच्या संस्थेच्या दृष्टीने मात्र याच अभ्यासातील एक निष्कर्ष निर्णायक आहे. रोज संदेश मिळणाऱ्या गटात काहीही लाभ दिसला नाही आणि लांबलचक, धीर देणारा मजकूरही छोट्या मजकुरापेक्षा सरस ठरला नाही. रोजच्या घंटेची माणसाला सवय होते आणि मग ती ऐकू येईनाशी होते, असे मी त्याचे कारण मानतो. ‘रोज कॉल’ या प्रस्तावाविरुद्ध एवढा एक पुरावा पुरेसा आहे.

तिसरी गोष्ट अधिक अवघड आहे. केनियातील त्याच ‘मांबो?’ पद्धतीचा प्रयोग पुढे नैरोबीच्या किबेरा वस्तीत नव्याने निदान झालेल्या ७०० जणांवर करण्यात आला. या वेळी प्रश्न वेगळा होता : पहिल्या वर्षभरात माणसे दवाखान्यात येत राहतात का? २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात दोन्ही गट सारखेच होते. तोच संदेश, तेच शहर, परत फोन करणारी व्यक्तीही होती, तरीही फरक नाही. त्यामुळे ‘माणूस बसवला की झाले’ असेही समजू नये. कोणत्या अडचणीसाठी फोन वापरायचा, हे आधी ठरवावे लागेल. कॅमेरूनची राजधानी याउंदे येथे २०० जणांपैकी सुमारे निम्म्यांना आठवड्याला प्रोत्साहनपर संदेश पाठवले गेले, तेथेही ठळक लाभ आढळला नव्हता.

अबोली

मी एका एआरटी केंद्रावर समुपदेशक आहे. केंद्राचे नाव लिहीत नाही. कोणत्या अडचणीसाठी फोन वापरायचा, हा जो मुद्दा अंकगणित यांनी काढला आहे, त्याचे उत्तर आमच्या टेबलासमोरच्या खुर्चीवर रोज मिळते.

विसरल्यामुळे गोळी चुकली, असे सांगणारे असतात, पण थोडे खोलात विचारले की कारण वेगळेच निघते. नणंदेच्या लग्नाला चार दिवस गावी जायचे होते आणि डबीवर लोकांची नजर पडेल म्हणून गोळ्या घरीच ठेवल्या. केंद्राला यायचे तर मजुरी बुडते आणि वर एसटीचे भाडे. नवऱ्याचे पिणे वाढले आहे. बरे वाटू लागले, मग आता कशाला रोज. किंवा अगदी साधे कारण, म्हणजे झोप लागत नाही, अंगावर पुरळ उठले आहे आणि ते औषधामुळे आहे की काय हे विचारायला कोणी नाही. यांतील एकाही कारणावर रेकॉर्ड केलेल्या आवाजाकडे उत्तर नाही. पूर्वी दिवसातून दोन वेळा घ्यायच्या गोळ्या असत. आता बहुतेकांना टीएलडी, म्हणजे तीन औषधांची एकच गोळी, दिवसातून एकदा घ्यायची असते. आठवण ठेवण्याचे ओझे त्यामुळे बरेच कमी झाले आहे, बाकीची ओझी तशीच आहेत.

दुसरा मुद्दा गुप्ततेचा, आणि तो मला सर्वांत मोठा वाटतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) देशातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरत असलेला मोबाईल आहे. उरलेल्या स्त्रिया ‘हा माझा नंबर’ म्हणून जो देतात तो दिराचा, मुलाचा किंवा शेजारणीचा असतो. अशा फोनवर संध्याकाळी ‘आपली गोळी घेतली का?’ असा आवाज आला आणि तो सासूने उचलला, तर त्या घरात पुढे काय होईल याचा विचार प्रस्ताव मांडणाऱ्यांनी करावा. केवळ मजकुरातून आजाराचे नाव वगळून भागत नाही. कंपन्यांकडून येणाऱ्या एसएमएसवर पाठवणाऱ्याचे जे इंग्रजी अक्षरांचे नाव दिसते, त्यात संस्थेच्या नावाचा मागमूस असेल तरी पुरे. शिवाय आमच्या केंद्राचा मोबाईल क्रमांक दहा-वीस लोकांनी आपल्या फोनमध्ये ‘एआरटी सेंटर’ म्हणून साठवला की ट्रूकॉलरवर तो सगळ्या जगाला त्याच नावाने दिसू लागतो. आम्ही आता प्रत्येकाला नंबर साठवताना कोणते नाव द्यावे, हेसुद्धा सांगतो. कोणी ‘शिवणक्लास’ लिहितात, कोणी ‘बी-बियाणे’.

आणि व्हॉट्सॲप ग्रुप, त्याबद्दल हात जोडून विनंती आहे. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. ज्याची परवानगी घेतली नाही त्याला ग्रुपमध्ये जोडणे म्हणजे त्याचा आजार परस्पर जाहीर करणे होय.

नैरोबीकर

नोकरीनिमित्त मी अनेक वर्षे केनियात आहे. वैद्यकीय क्षेत्रातला नाही, पण या देशाबद्दल दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिला अभ्यास जेव्हा सुरू झाला त्याच वर्षी, २००७ मध्ये, येथे एम-पेसा ही मोबाईलवरून पैसे पाठवण्याची सेवा आली. मोबाईल क्रमांक हेच लोकांचे पैशांचे पाकीट झाले, त्यामुळे क्रमांक सांभाळून ठेवण्याकडे कल वाढला. त्या अभ्यासात स्वतःचा फोन नसलेल्या, पण दुसऱ्याचा वापरता येणाऱ्या व्यक्तींनाही घेतले होते आणि ‘मांबो?’ हा येथे मित्रमंडळींत दिवसातून अनेकदा कानावर पडणारा प्रश्न असल्यामुळे तो कोणाच्याही फोनवर आला तरी संशय येण्यासारखे काही नव्हते. आपल्याकडे असा संदेश शोधायचा तर तो त्या-त्या गावच्या बोलण्यातूनच घ्यावा लागेल. येथला उचलून चालणार नाही.

वाटसरू

हा धागा दोन वेळा वाचला आणि मग लिहायचे ठरवले. मी बऱ्याच वर्षांपासून एआरटीवर आहे. विषाणूचे प्रमाण तपासणीत सापडण्याइतकेही नाही आणि प्रकृती उत्तम आहे.

मला मध्यंतरी क्षयरोग झाला होता आणि तेव्हा ‘९९ डॉट्स’ ही पद्धत मी मुंबईत वापरली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. गोळ्यांच्या पाकिटाला एक छापील वेष्टन असते. गोळी बाहेर काढली की तिच्यामागे दडलेला फोन नंबर दिसतो. त्यावर कॉल लावायचा. पैसे लागत नाहीत, कोणाशी बोलावे लागत नाही. कोणता नंबर दिसेल हे आधी कळत नसल्यामुळे कॉल आला म्हणजे गोळी काढली, असे धरले जाते. ही कल्पना आपल्या देशातच घडली आणि एचआयव्ही व क्षयरोग दोन्ही असलेल्यांसाठी एआरटी केंद्रांमधून ती वापरात आली. रोज दवाखान्यात जाऊन कोणासमोर तरी गोळी गिळण्यापेक्षा ती मला शतपटीने सन्मानाची वाटली, हे आवर्जून नोंदवतो.

तरीही तिच्यातली उणीव सांगितली पाहिजे. गोळी घेतली पण कॉल लावला नाही, असे माझे पुष्कळदा होई. चार्जिंग नाही, आजूबाजूला माणसे आहेत, किंवा कंटाळा आला आहे. पुढे चेन्नई, वेल्लोर आणि मुंबई येथील रुग्णांच्या घरी अचानक जाऊन लघवीची तपासणी करून या नोंदींची पडताळणी झाली, तेव्हा फोनवरची नोंद आणि प्रत्यक्ष औषध यांत बरीच तफावत निघाली, असे वाचल्याचे मला आठवते आणि त्याचे मला मुळीच नवल वाटले नाही. जेव्हा माझ्या नावापुढे दोन दिवस कॉल नसे, तेव्हा केंद्रातील एक ताई फोन करून आधी जेवणाची चौकशी करत आणि मग बाकीचे विचारत. मला त्या फोनचा आधार होता. वेष्टनावरच्या नंबराचा उपयोग एवढाच की, कोणाला फोन करायचा हे त्यांना त्यातून कळे.

म्हणून कृष्णाकाठ ताई, माझे मत विचाराल तर, आठवणीसाठी मला कोणाचा फोन नको; गजर मी स्वतः लावू शकतो. मला एक असा नंबर हवा आहे की जो मी लावल्यावर माझे नाव, पत्ता, रांग यांच्या आधी माझी अडचण ऐकली जाईल.

माणदेशी

स्थलांतराचा विषय कोणी काढला नाही म्हणून लिहितो. आमच्याकडून आणि बीडकडून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास निघतात आणि पट्टा पडला की चैत्रात परततात. प्रवासात असलेल्या रुग्णाला जवळच्या दुसऱ्या केंद्रातून औषध देण्याची सोय राष्ट्रीय कार्यक्रमात आहे. परंतु फडावरच्या माणसाला जवळचे केंद्र कोणते, कोणत्या वारी जावे आणि सोबत कोणता कागद न्यावा हे कोणी सांगत नाही, आणि मुकादमाकडून अर्धा दिवस सुट्टी मागायची तर कारण द्यावे लागते.

फोनचे खरे काम येथे आहे. निघण्याआधी दोन्ही केंद्रांच्या समुपदेशकांचे आपसात बोलणे झाले आणि पोहोचल्यावर एक फोन गेला, तर साखळी तुटत नाही. करोनाच्या टाळेबंदीत, २०२० मध्ये, अनेक महिन्यांची औषधे एकदम देण्याची परवानगी मिळाली होती आणि कोण कोठे अडकले आहे हे फोनवरूनच शोधून गोळ्या पोहोचवल्या गेल्या. त्या वेळी जे जमले ते ऊसतोडीच्या हंगामात का जमू नये? अर्थात रिचार्ज संपले की येणारे कॉलही बंद होतात, म्हणून खर्चाच्या तक्त्यात ॲपऐवजी रुग्णांच्या रिचार्जची तरतूद करावी, असे सुचवतो.

पिंपळपान

मी एचआयव्ही प्रतिबंधाच्या कामात, देहविक्री करणाऱ्या स्त्रियांसोबत काम करणाऱ्या गटात आहे. वरची सर्व चर्चा उपचारांविषयी आहे. प्रतिबंधाच्या बाजूने थोडे लिहिते.

पूर्वी आमचे काम जागेशी बांधलेले होते : अमुक गल्ली, तमुक स्टँड, ट्रक थांबण्याचा ढाबा. पिअर एज्युकेटर, म्हणजे त्याच समूहातील प्रशिक्षित कार्यकर्त्या, तेथे जात, कंडोम देत, तपासणीला सोबत करत. आता गिऱ्हाईक फोनवर ठरते, भेट लॉजवर किंवा भाड्याच्या खोलीत होते आणि गल्लीत उभी राहणारी स्त्री आमच्या यादीत उरत नाही. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांच्या बाबतीत हे त्याहून आधी, ओळखी जुळवणाऱ्या ॲपमुळे घडले. ज्या फोनमुळे माणसे दृष्टीआड झाली, त्याच फोनवरून त्यांच्यापर्यंत पोहोचणे भाग आहे. आमच्या पिअर एज्युकेटर आता स्वतःच्या ओळखीतून नंबर मिळवतात आणि पहिले बोलणे कधीही एचआयव्हीपासून सुरू करत नाहीत.

दक्षिण आफ्रिकेतील एक उपक्रम मला फार मोलाचा वाटतो. तेथे ज्याच्याकडे पैसे नाहीत तो ‘मला फोन कर’ असा फुकट संदेश पाठवू शकतो. त्या संदेशात जी रिकामी जागा उरते, तिच्यात २००८ पासून ‘प्रोजेक्ट मासिलुलेके’ या नावाने एड्स हेल्पलाईनचा क्रमांक छापला जाऊ लागला. दिवसाला दहा लाखांच्या घरात असे संदेश जात आणि हेल्पलाईनवर येणाऱ्या कॉलची संख्या लक्षणीय वाढली. आपल्याकडे १०९७ ही राष्ट्रीय हेल्पलाईन देशभरातून विनाशुल्क आहे, मराठीतही बोलता येते. पण आमच्या वस्तीत दहा जणींना विचारले तर आठ जणींना तो क्रमांक माहीत नसतो. संस्थेने स्वतःची नवी हेल्पलाईन उघडण्याआधी आहे ती लोकांपर्यंत न्यावी.

संगणकमित्र

मी अशा प्रणाली तयार करतो, म्हणून माहितीच्या सुरक्षेविषयी लिहितो. आपल्याकडे २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम ८ नुसार कोणालाही स्वतःची एचआयव्ही स्थिती उघड करण्यास भाग पाडता येत नाही, आणि कलम ११ नुसार अशी माहिती ठेवणाऱ्या प्रत्येक आस्थापनेने तिच्या संरक्षणाचे उपाय केले पाहिजेत. स्वयंसेवी संस्था यातून सुटत नाही.

परदेशातील दोन घटना संस्थेच्या बैठकीत अवश्य सांगाव्यात. सिंगापूरच्या एचआयव्ही नोंदवहीतील १४,२०० लोकांची माहिती इंटरनेटवर उघड झाल्याचे जानेवारी २०१९ मध्ये जाहीर झाले. आणि २०१८ मध्ये असे उघडकीस आले की ग्राइंडर हे प्रामुख्याने समलिंगी पुरुषांच्या ओळखींसाठीचे ॲप वापरकर्त्यांनी स्वतःहून लिहिलेली एचआयव्ही स्थिती बाहेरच्या दोन कंपन्यांना पुरवत होते. पहिल्या घटनेत अधिकृत प्रवेश असलेल्या माणसाच्या वाटेने माहिती बाहेर गेली, दुसऱ्या घटनेत ॲपच्या नेहमीच्या कारभारातच ती जात राहिली. बाहेरून कोणी कुलूप फोडले असे दोन्हींत झाले नाही.

म्हणून माझे सांगणे असे की, जे साठवायचेच नाही ते चोरीलाही जात नाही. यादीत नाव नको, निदान नको, केंद्राचा नोंदणी क्रमांक नको. फोन नंबर, बोलण्याची सोयीची वेळ आणि ‘दुसऱ्याने उचलला तर काय म्हणायचे’ याची रुग्णाने स्वतः सांगितलेली एक ओळ, एवढे पुरे आहे. स्वतंत्र ॲप तर मुळीच करू नये, कारण फोनच्या पडद्यावर दिसणारे त्याचे चिन्ह हीच एक चुगली ठरते.

अंकगणित

संगणकमित्र यांच्याशी सहमत आहे, फक्त एक भर घालतो. वर्षाच्या शेवटी देणगीदार ‘किती कॉल गेले’ हे विचारील. तो आकडा निरर्थक आहे. किती जणांनी अडचण कळवली, त्यांपैकी कितींना दोन दिवसांत माणसाचा फोन गेला आणि त्यांच्यापैकी किती जण ठरलेल्या तारखेला औषध न्यायला आले, हे तीन आकडे सुरुवातीपासून ठेवावेत. वार्षिक व्हायरल लोड (रक्तातील विषाणूचे प्रमाण) केंद्राकडे असतो. रुग्णाची लेखी संमती असेल तरच तो मागावा.

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. अंकगणित, माझे अनुमान जितके सरळ दिसत होते तितके ते नाही, हे किबेराच्या अभ्यासामुळे ध्यानात आले. मी संस्थेला लेखी कळवणार आहे की रोजचा कॉल रद्द करावा, ॲप करू नये आणि त्या पैशातून एका प्रशिक्षित समुपदेशिकेचे पूर्ण वेळेचे मानधन व रुग्णांचे रिचार्ज भागवावे. इच्छुकांना आठवड्यातून एक साधी विचारपूस जाईल. तिचा मजकूर आणि वार प्रत्येकाने स्वतः निवडायचा. वाटसरू यांनी मागितलेला नंबर हा या सेवेचा मुख्य भाग राहील आणि विचारपूस त्याच्या जोडीला असेल. ऊसतोडीला जाणाऱ्यांची यादी दसऱ्याआधी दोन्हीकडच्या केंद्रांशी बोलून पक्की करावी, हेही त्यात लिहीन.

एक प्रश्न मात्र उरतो. ती समुपदेशिका रजेवर असताना किंवा रात्री दहा वाजता कोणाचा फोन आला तर तो कोणी घ्यावा? १०९७ वर वळवावा, तर पलीकडे अनोळखी आवाज असेल. दुसऱ्या कार्यकर्तीकडे द्यावा, तर माहिती आणखी एका व्यक्तीकडे जाईल. अबोली ताई, तुमच्या केंद्रावर ही वेळ कशी निभावता?

अबोली

आम्ही पहिल्या भेटीतच दोघींची ओळख करून देतो, म्हणजे एक नसेल तेव्हा दुसरी कोण, हे रुग्णाला चेहऱ्यासह माहीत असते आणि ‘यांच्याशीही बोललेले चालेल का?’ असे विचारून होकार घेतलेला असतो. जे नकार देतात त्यांचा फोन आम्ही दुसरीकडे देत नाही; माझ्या रजेच्या तारखा त्यांना आधी सांगून ठेवते. रात्रीच्या फोनसाठी नियम असा की, श्वासाचा त्रास, फार ताप, किंवा जिवाचे काही बरेवाईट करण्याचा विचार असेल तर सकाळची वाट न पाहता जवळच्या सरकारी रुग्णालयात जावे किंवा १०८ ला फोन करावा, आणि हे वाक्य आम्ही प्रत्येकाकडून एकदा म्हणवून घेतो. तुमच्या संस्थेच्या समुपदेशिकेला आमच्या केंद्रावर आठवडाभर बसायचे असेल, तर मी वरिष्ठांना विचारून कळवते.